दुरुस्त मशीनची दुरुस्ती

रक्त मोजणारी यंत्रं दुरुस्त करणं हा माझा धंदा. लॅबच्या कोपऱ्यात टेबलावर एक पांढरं खोकं असतं, सारखं घुंघुं करणारं. तुमचं रक्त त्याच्यापुढं धरलं की ते चमचाभरसुद्धा पीत नाही, नुसतं चाखतं, आणि लाल पेशी किती, पांढऱ्या किती, प्लेटलेट किती याचा कागद बाहेर टाकतं. तेच ते. लोक त्याला मशीन म्हणतात आणि मला मशीनवाला. सिल्लोड, कन्नड, पैठण, जालना, कुठंही असलं खोकं रुसलं की मी बॅग खांद्याला लावून हजर. गावोगावच्या जावयांनी हेवा करावा असं माझं स्वागत व्हायचं. मशीन चालू झालं की चहा यायचा, तो मात्र निरोपाचा.

नवीन मशीन बसवलं की लॅबमधल्या मंडळींना ते शिकवायचं कामही माझ्याकडंच. तिथं मी खुलायचो. कंपनीनं दिलेली रंगीत चित्रं मी कधी उघडलीच नाहीत. दोन खुर्च्या जवळजवळ ठेवायचो, मधे एक माणूस जेमतेम जाईल एवढी फट, आणि सुरू करायचो.

"ही बघा वाघर. माझे आजोबा मेंढरं राखायचे. दिवस मावळला की जाळ्याचं कुंपण घालायचे, तिला वाघर म्हणायचे. तिला एकच फट. मेंढरं एकेक करून आत शिरायची आणि आजोबा फटीशी उभे. मोजणी पण व्हायची आणि पारख पण. या खोक्याच्या आत तशीच एक फट आहे, केसाहून बारीक. पेशी तिच्यातून एकेक करून जातात. मशीन प्रत्येकीचं अंग किती, पोटात काय, सगळं बघून घेतं."

मग मी स्वतः पेशी व्हायचो. लाल पेशी होऊन फटीतून सुळकन जायचो, प्लेटलेट होऊन उकिडवा सरकत जायचो, आणि पांढरी पेशी होऊन पोट पुढं काढून, मिशीवर ताव देत. जालन्याला पांढरी पेशी दोन खुर्च्यांच्या मधे अडकली आणि तिला चौघांनी ओढून काढलं. त्या लॅबमध्ये अजून माझ्या नावानं त्या खुर्च्या दाखवतात.

शेवटी मी आवाज खाली आणायचो. "एखादं मेंढरू आपल्या कळपातलं वाटलं नाही तर आजोबा काय करायचे? बोंब मारायचे? नाही. काठी आडवी धरायचे. थांब म्हणायचे. कंदील आणून बघायचे. मशीनही तेवढंच करतं. पेशी कच्ची वाटली, अनोळखी वाटली, नको तेवढ्या दिसल्या, तर पडद्यावर झेंडा दाखवतं. झेंडा म्हणजे कॅन्सर नव्हे. झेंडा आला की रक्ताचा थेंब स्लाइडवर पसरा, रंगवा, डॉक्टरांना मायक्रोस्कोपखाली बघू द्या. मशीन नाव घेत नाही. नुसतं बोट दाखवतं."

यावर टाळ्या यायच्या. टाळ्या नाही आल्या तर मी थांबायचो, येईपर्यंत.

खरी गोष्ट अशी की टाळ्या वाजवणारे हात चार महिन्यांत त्याच झेंड्यांना कंटाळायचे. डेंग्यूच्या दिवसांत तर मशीन ज्याच्या त्याच्या रक्ताला झेंडा दाखवतं, कारण तापात पांढऱ्या पेशी वेडीवाकडी रूपं घेतात. उन्हात बराच वेळ पडून राहिलेल्या रक्तालाही दाखवतं. मग मला फोन. "साहेब, मशीन सारखं झेंडे दाखवायलंय, काहीतरी करा." मी समजूत काढायचो. तापाची साथ आहे, नमुना शिळा आहे, रसायनाची बाटली बदला. मशीनच्या वतीनं माफी मागायची मला इतकी सवय झाली होती की झेंडा दिसला की माझ्या तोंडात आधी सबब तयार असायची. शंभरातल्या नव्व्याण्णव सबबी खऱ्याच असायच्या. म्हणून तर ती सवय लागली.

मी सांगतोय त्या काळात आमच्या शहराच्या पाटीवर अजून जुनं नाव होतं आणि सिल्लोडकडं जाणारा रस्ता उखडून ठेवलेला होता. एका बाजूनं खोदलेला, दुसऱ्या बाजूनं खोदायचा असलेला. मधून आम्ही जायचो, धुळीनं पांढरे होऊन, नाटकातल्या म्हाताऱ्यासारखे. मी फार थकत होतो. सकाळी उठलो की थकलेला असायचो. पुंडलिकनगरातल्या आमच्या घराला बाराच पायऱ्या, पण मी सहाव्या पायरीवर शेजाऱ्यांची चौकशी करायला थांबू लागलो. शेजाऱ्यांना वाटलं मी फार मायाळू झालोय.

बायको म्हणायची, "अहो, तोंड किती उतरलंय तुमचं."

"रस्ता," मी म्हणायचो.

"रस्ता तोंडावरून जातो का?"

पण मी माझ्या थकव्याला रस्त्याचं नाव देऊन टाकलं होतं. एकदा नाव दिलं की माणूस शोधत बसत नाही.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो, कारण सगळं तिच्यामुळं घडलं. मशीन दुरुस्त केलं की आधी त्यात कंपनीचं बाटलीतलं रक्त लावून बघतात. त्याला कंट्रोल म्हणतात. त्याचे आकडे आधीच छापून आलेले असतात, मशीननं तेच सांगायचे. पण ते म्हणजे पाठ केलेलं उत्तर. मशीनला खरंच कळतंय का हे बघायला ताजं, कोमट, जिवंत माणसाचं रक्त लागतं. पेशंटचं घ्यायला मन होत नाही. लॅबवाले दिवसभर दुसऱ्यांना सुया टोचतात पण स्वतःची बाही वर करायची म्हटलं की त्यांना एकदम कामं आठवतात. म्हणून मशीनवाला स्वतःचाच हात पुढं करतो. माझ्या डाव्या हातानं अर्ध्या मराठवाड्यातली मशीनं पास केलीत. माझ्या रक्ताचे आकडे मला पाठ होते, आणि कुठल्याही मशीननं त्याहून वेगळं काही सांगितलं तर चूक मशीनची, इतकं सोपं होतं ते. माझं रक्त म्हणजे माझी मोजपट्टी होती.

मधलं वर्षभर कंपनीनं मला मशीनं विकायला लावलं होतं, त्यामुळं बाही वर करायची वेळच आली नव्हती. परत दुरुस्तीवर आलो आणि पहिलंच बोलावणं सिल्लोडहून.

तिथली लॅब बसस्टँडच्या मागं, कापसाच्या वखारीला लागून. चालवणारे भाई माझ्याच वयाचे, दाढी मेंदीनं रंगवलेली, आणि बोलणं असं की पेशंट रक्त देऊन झाल्यावरही उठत नसत. त्यांचं मशीन मोजता मोजता मधेच बंद पडत होतं. फटीत कचरा अडकला होता, दुसरं काही नाही. मी धुतलं, पुसलं, जोडलं. कंट्रोल लावलं. आकडे बरोबर. मी बाही वर केली. भाईंनी रक्त काढून जांभळ्या टोपणाच्या छोट्या नळीत घेतलं, जिला लॅबमध्ये सगळे बल्ब म्हणतात, आणि मशीनला लावलं.

पडद्यावर पांढऱ्या पेशींचे ठिपके उमटतात, त्यांच्या जातीप्रमाणं वेगवेगळ्या जागी. माझ्या पडद्यावर एकाच जागी ठिपक्यांचा ढग जमला, लिम्फोसाइट म्हणून जी जात असते तिच्या. आकडा मला पाठ होता त्याच्या कितीतरी वर. आणि वर कोपऱ्यात झेंडा.

"क्या हुआ साब?"

"अजून कचरा आहे आत."

मी मशीन परत उघडलं.

बाकड्यावर तीन-चार पेशंट बसले होते. त्यातली एक म्हातारी, डोईवर पदर, मांडीवर पिशवी, मला बराच वेळ निरखत होती. मशीनचं झाकण निघून आतल्या नळ्या बाहेर आल्या तशी ती म्हणाली, "आरं बाबा, त्याला बी बरं नाय का?"

"जरासं पोट बिघडलंय, आजी."

"मंग आमाला कोन बघंल?"

"खाला, आधी डॉक्टर ठीक होईल, मग पेशंट," भाई म्हणाले, आणि माझ्याकडं वळून, "कायकू खोल रहे फिर से? अभी तो कंट्रोल बराबर आया."

मी त्यांना समजावलं. मशीन रसायन घालून लाल पेशी विरघळवतं आणि मग पांढऱ्या मोजतं. ते रसायन कमी पडलं तर न विरघळलेल्या लाल पेशीच पांढऱ्या म्हणून मोजल्या जातात, आकडा फुगतो. भाईंनी नवी बाटली आणली. लावली. माझं रक्त परत. तोच ढग, तोच झेंडा. नळी बदलली. तोच ढग. भाई म्हणाले व्होल्टेजचा घोळ असणार, सिल्लोडची लाइट कधी कुणाची झालीय. त्यांनी शेजारच्या वखारीतून मोठा स्टॅबिलायझर मागवला. तो आणायला दोन हमाल आले. ढग जसाच्या तसा.

"एक बार बंद करके चालू करेंगे," भाई म्हणाले. "मेरा मोबाइल ऐसाच ठीक होता."

तेही केलं. मशीन चालू झालं, घुंघुं करू लागलं, आणि मला झेंडा दाखवून गप्प बसलं.

मग भाईंनी धीर करून स्वतःची बाही वर केली. त्यांचं रक्त पास. म्हातारीचं रक्त तसंही काढायचंच होतं, ते लावलं. पास. म्हातारी खूश झाली, तिला वाटलं आता तिला औषध लागणार नाही. परत माझं. झेंडा.

"मशीन को आपसेच क्या दुश्मनी है?" भाई हसले.

"सासरचं असेल," मी म्हणालो, आणि तेही हसले, मीही हसलो, म्हातारीही हसली, तिला काहीच कळलं नव्हतं तरी. दुपार झाली होती. मी खाली जमिनीवर बसून त्या धडधाकट मशीनची चौथ्यांदा दुरुस्ती करत होतो. माझ्या हातातला पाना जड झाला होता. एवढंच मला आठवतं, की पाना जड झाला होता आणि मी रस्त्याला शिव्या देत होतो.

शेवटी मी ठरवलं की शहरातल्या एखाद्या भरवशाच्या मशीनवर माझं रक्त लावून बघायचं, म्हणजे सिल्लोडच्या मशीनचं नेमकं काय चुकतंय ते कळेल. बघा, इतकं होऊनही मी मशीनचीच चूक मोजायला निघालो होतो. भाईंनी बल्ब थंड पिशवीत घालून दिला. "संभालके," म्हणाले. मी ती पिशवी छातीशी धरून त्या उखडलेल्या रस्त्यानं परत आलो.

शहरात पुंडलिकनगरपासून जवळच एका पॅथॉलॉजिस्ट मॅडमची लॅब होती. मॅडम वयानं मोठ्या, बोलणं मोजकं, आणि माझ्या नकला त्यांना आवडतात की नाही हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नव्हतं. त्यांचं मशीन आठवड्यापूर्वीच कंपनीचा दुसरा माणूस तपासून गेला होता. मी बल्ब लावला.

तोच ढग. तोच झेंडा.

"मॅडम, तुमचंही बिघडलं."

त्या आतल्या खोलीतून आल्या. पडदा बघितला. "कुणाचं रक्त?"

"सिल्लोडचं. टेस्टिंगचं."

"सिल्लोडला पण असंच आलं?"

"हो. म्हणजे बघा, दोन मशीनं एकदम. साथ आलीय मशीनांची."

त्या हसल्या नाहीत. "दोन मशीनं, दोन गावं, आणि बिघाड अगदी एकसारखा?"

"कंपनीचं रसायन एकाच ठिकाणाहून येतं..."

"बल्बवर नाव का नाही?"

मला वाटतं तेव्हाच मला कळून चुकलं होतं. पण मी माणूस असा आहे की पडदा पडताना पण एक वाक्य जास्तीचं म्हणतो. मी म्हणालो, "मोजपट्टीला नाव घालतात का?"

"कुणाचं आहे?"

"माझं," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या हातातून बल्ब घेतला, स्लाइडवर थेंब ठेवला आणि दुसऱ्या काचेच्या कडेनं तो एका झटक्यात पसरला. थेंबाची जीभ झाली, कडेला पातळ होत गेलेली. सुकवली. जांभळा रंग घातला. थांबल्या. धुतली. परत सुकवली. हे सगळं मी किती लॅबमध्ये बघितलं असेल, पण ते एवढं हळू चालतं हे मला माहीत नव्हतं. मी स्टुलावर बसलो होतो. स्टुलाला पाठ नव्हती, आणि मला पाठ टेकायची फार गरज होती.

मॅडम मायक्रोस्कोपशी बसल्या. एकदा बघितलं, मग स्लाइड हलवत बघत राहिल्या. बघता बघता विचारत होत्या. वजन कमी झालंय का. रात्री घाम येतो का. ताप. मग उठल्या आणि माझी मान चाचपली, दोन्ही बाजूंनी, मग बगलेत. मी म्हणालो, "मॅडम, गुदगुल्या होतात."

"गप्प बसा हो जरा," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या माझ्याशी मायेनं बोलल्या, आणि मला भीती वाटली ती तेव्हा.

"काय आहे?"

"लिम्फोसाइट जास्त आहेत. सगळ्या एकसारख्या दिसतात. काचेवर पसरताना बऱ्याच फुटल्यात, डागासारख्या झाल्यात. मी आत्ता नाव घेणार नाही. रक्ताच्या डॉक्टरांकडं जा. एक तपासणी बाहेर पाठवावी लागेल, तिच्यात पेशींची जात नक्की कळते."

"चांगल्यातलं असू शकतं?"

"असू शकतं," त्या म्हणाल्या. "बसा. चहा सांगते."

चहा आला. तो मी पूर्ण प्यायलो. साखर जास्त होती.

घरी बायकोला कसं सांगायचं याचा मी सहाव्या पायरीवर उभा राहून विचार केला. ठरवलं, गोष्ट करून सांगायची. ती मेथी निवडत बसली होती. मी सगळं रंगवून सांगितलं. भाई, म्हातारी, स्टॅबिलायझर घेऊन आलेले हमाल, त्यांच्या चाली. ती हसत होती. हमालांच्या चालीला तर तिला मेथी खाली ठेवावी लागली. मग मी मॅडमच्या लॅबमधलं दुसरं मशीन सांगितलं, आणि तिनं हसणं मधेच थांबवलं. ती करमाडची, शेतकऱ्याच्या घरची. तिला फिरवून सांगितलेलं कळत नाही असं आमच्या घरात कुणीही समजू नये.

"म्हंजे खराब कोण निघालं?" ती म्हणाली. "मशीन का तुम्ही?"

"नक्की नाही अजून."

"नक्की नाही तर हसवताय कशाला?"

तिनं मेथी परत हातात घेतली. पानं एका बाजूला आणि काड्या एका बाजूला करता करता तिचं सगळं एकत्र होऊ लागलं. त्या दिवशी भाजीत काड्या फार होत्या, आणि आम्ही दोघांनीही त्या चावून खाल्ल्या.

रक्ताच्या डॉक्टरांनी रक्त घेतलं, ते बाहेरगावी पाठवलं, आणि थांबायला सांगितलं. तेवढ्या दिवसांत बायकोनं घरात बीट आणलं. बीटाची कोशिंबीर, बीटाच्या पोळ्या, बीटाचा रस. माझी जीभ, बोटं, रुमाल, सगळं लाल.

"अगं, रक्त कमी नाही झालं. पेशी जास्त झाल्यात."

"जास्तीचं बी बीटानंच ठिकाणावर येतं."

"कोण म्हणालं?"

"मी म्हणाले. खा."

तिनं माहेरी काही सांगितलं नव्हतं. मीच केवढा आग्रह केला होता की कुणाला कळू देऊ नकोस. आजारी माणसाला भेटायला आमच्याकडं लोक जीप करून येतात. त्यांच्यापुढं उठून बसायचं, कसं झालं ते सांगायचं, नव्यांसाठी परत पहिल्यापासून सांगायचं, आणि मी सांगितलं की रंगवून सांगणार, म्हणजे एका आठवड्यात मी आजारानं नाही, प्रयोगांनी मेलो असतो. तिनं ऐकलं. पण न सांगण्याचंही ओझं असतं, ते ती एकटी उचलत होती. फोनवर तिच्या भावाशी पाऊसपाण्याचं बोलताना तिचा आवाज मला स्वयंपाकघरातून ऐकू यायचा, फार उत्साही. असला उत्साह मला चांगला ओळखू येतो, मी त्याच्यावरच जगलोय.

मशीनचा निकाल म्हणून सिल्लोडच्या भाईंना तेवढं मी खरं सांगून टाकलं होतं. त्यांचा फोन आला. "साब, दुआ कर रहा हूँ आपके वास्ते. खाला भी पूछ रही थी." मग अवघडून, "और वो मशीन... एकदम फर्स्टक्लास चल रहा है."

"चालणारच," मी म्हणालो. "चार वेळा केलंय."

मी कामावर जात होतो. घरी बसून काय करणार होतो? पैठणला गेलो, एक पंप बदलला. बाही वर करायची वेळ आली तेव्हा लॅबवाल्याला म्हणालो, "आज तुझा हात." तो म्हणाला, "का, तुमचा कंटाळला का?" मी म्हणालो, "हो." खरंच कंटाळला होता. परतीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून मी दोन भाषणं तयार केली. एक वाईट बातमीसाठी. त्यात मी डॉक्टरांनाच धीर देणार होतो आणि बायकोला म्हणणार होतो की बघ, आता तरी रस्त्यावरून सुटका. दुसरं चांगल्या बातमीसाठी. त्यात मी सिल्लोडच्या मशीनची माफी मागणार होतो, पुढं वाकून, हात जोडून. दोन्ही चांगली जमली होती. दोन्हींत बायको शेवटी हसत होती.

डॉक्टर तरुण होते. टेबलावर बाहेरून आलेला रिपोर्ट, आणि त्यांची बोटं त्यावर पसरलेली. त्यांनी सरळ सांगितलं. हा रक्ताच्या कॅन्सरचाच एक प्रकार आहे. हळू चालणारा. कित्येकांत तो वर्षानुवर्षं नुसता पडून राहतो. तुमचा अगदी सुरुवातीला सापडला, तोही योगायोगानं. आत्ता औषध द्यायचं नाही. दर तीन महिन्यांनी रक्त मोजायचं आणि बघायचं.

माझ्याकडं याला भाषण नव्हतं.

बायको खुर्चीच्या टोकावर आली. "कॅन्सर म्हणताय आणि औषध नाही म्हणताय?"

"आत्ता नाही."

"मग कधी, वाढल्यावर?"

"वाढला तर. काहींचा वाढतच नाही. आधीपासून औषध दिलं तर या प्रकारात फायदा होत नाही, औषधाचा त्रास मात्र होतो."

"आमच्याकडं कापसावर कीड दिसली की फवारतात," ती म्हणाली.

"दिसली की लगेच?"

खरं बोलायची सवय आहे तिला. "नाही," ती म्हणाली. "आधी बघतात किती पडलीय ते. पण रोज जाऊन बघतात हो डॉक्टर. तीन महिन्यांनी नाही."

"तीन महिने पुरेत," डॉक्टर म्हणाले. ते चिडले नाहीत. "मानेला गाठ आली, ताप राहिला, वजन उतरलं तर मधेच या. एरवी सगळं नेहमीसारखं. काम करा, खा, फिरा."

"म्हणजे हे आजारी आहेत का बरे आहेत?"

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं, जणू या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं असेल. "दोन्ही," ते म्हणाले.

मला तेव्हा काय वाटलं ते सांगतो. सुटलो असं वाटलं नाही, अडकलो असंही नाही. एकच गोष्ट मला पक्की हवी होती, तेवढी तरी पदरात घ्यावी म्हणून मी म्हणालो, "म्हणजे डॉक्टर, हा थकवा याचाच होता तर."

"कसला थकवा?"

मी सांगितलं. मनापासून सांगितलं, नकला न करता. सकाळी उठताना, पायऱ्यांवर, पाना जड होणं. बायको मान हलवत होती. डॉक्टरांनी रिपोर्ट उलटसुलट केला, जुने आकडे बघितले, परत माझी मान चाचपली, पोट दाबून बघितलं.

"तुमचं हिमोग्लोबिन चांगलं आहे," ते म्हणाले. "प्लेटलेट चांगल्या. गाठी नाहीत, प्लीहा वाढलेली नाही. या अवस्थेत एवढा थकवा मी या आजाराला चिकटवणार नाही. साखर आणि थायरॉइड बघून घेऊ. प्रवास किती होतो तुमचा?"

"रोजचाच."

"झोप?"

"पडतो. लागते कधीतरी."

"वयही आहे," ते म्हणाले. मग जरा ओशाळून, "म्हणजे, माणूस थकतो हो."

मला रडायला आलं असतं तर ते इथं. महिनाभर मी मनातल्या मनात त्या थकव्याला जागा करून दिली होती. रस्त्याचं नाव काढून घेतलं होतं आणि त्याला दुसरं, वजनदार नाव देऊन ठेवलं होतं. निदान आपण उगाच थकत नव्हतो, आपल्याला काहीतरी होतं, असं म्हणायची सोय झाली होती. आता आजार होता, तो थकवत नव्हता. आणि थकवा होता, त्याला आजार नव्हता. दोन्ही मलाच घरी न्यायचे होते.

आम्ही बाहेर आलो. दवाखान्याच्या खाली फुटपाथवर सिमेंटचं एक बाकडं होतं, अर्धं सावलीत. समोर जालना रोडची वाहतूक. बायको म्हणाली, "बसा जरा."

मी बसलो. ती शेजारी बसली. पिशवी मांडीवर, मग ती खाली ठेवली, मग चपला काढून पाय मोकळे केले. रस्त्यावर तिला असं करताना मी कधी बघितलं नव्हतं.

"दादाला काय सांगू?" ती म्हणाली.

"काय सांगायचं? आहे म्हणावं, पण काही नाही."

"असं सांगितल्यावर ते जीप करून यायचे का नाही?"

"मला विचारतील तर मीसुद्धा ठरवू शकणार नाही."

ती हसेल असं मला वाटलं होतं. तिनं डोळे मिटले होते. उन्हानं तिच्या कपाळावर घाम होता आणि कानाजवळच्या केसांत पांढऱ्याची एक पट्टी, जी मी गेल्या महिन्यात बघितली नव्हती. का आधीच होती कोण जाणे. मी दुसऱ्यांच्या रक्तातले ठिपके बघण्यात आयुष्य घालवलेला माणूस.

"लई थकलो गं," मी म्हणालो.

"व्हय," ती डोळे न उघडता म्हणाली. "मी बी."

मला वाटलं यावर काहीतरी बोलावं. काही सुचलं नाही, आणि न सुचल्याचं वाईटही वाटलं नाही. एक रिक्षावाला थांबला, पुंडलिकनगर का म्हणून विचारलं, मी मान हलवली तसा पुढं गेला. दुसरा थांबला. तोही गेला. आम्ही बसून राहिलो, दोन थकलेली माणसं. सावली सरकून आमच्या दोघांवर आली तरी उठलो नाही.